पुण्यातली घरपोच मासळी: ताजी आहे, पण कुठली आणि केवढी?

पुण्यात समुद्राची मासळी घरी आणून देणाऱ्या सेवा आता बऱ्याच झाल्या आहेत. त्यांपैकी एका सेवेकडून मी वर्षभर नियमितपणे मासळी मागवतो आहे. पावसाळा, थंडी आणि उन्हाळा असे तिन्ही हंगाम त्यात येऊन गेल्यामुळे तिच्याविषयी थोडे ठामपणे लिहिता येईल असे वाटते. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जे दोष सांगणार आहे ते या धंद्यात सर्रास आढळतात आणि त्यांसाठी एकीलाच धारेवर धरणे न्यायाचे होणार नाही. अशा सेवेबद्दल लिहिताना मासळी ताजी होती का, नीट साफ केलेली होती का, वेळेवर आली का आणि भाव परवडला का, हे चार प्रश्न सहसा विचारले जातात. मी त्यांत आणखी दोन घातले: मासा केवढा होता, आणि तो कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या जाळ्याने धरलेला होता. आपल्या किनाऱ्यावरची मासळी का घटते आहे याच्या उत्तराचा मोठा भाग या दोन प्रश्नांत आहे आणि ग्राहकाच्या हाती जी थोडीबहुत सत्ता आहे तीही याच प्रश्नांतून चालते.

पहिल्या चार प्रश्नांवर फार शाई खर्चण्याची गरज नाही. मासळी बर्फाच्या पाकिटांसह बंद डब्यात येते, बांगड्याचे डोळे स्वच्छ असतात, मांस बोटाने दाबले तर खळगा राहत नाही. बोंबील हा फार नाजूक मासा, तरी तोसुद्धा न फुटता पोहोचतो, याचे श्रेय द्यायलाच हवे. कोळंबीचा धागा काढलेला असतो. वजन साफ करण्यापूर्वीचे किती आणि नंतरचे किती, हे दोन्ही आकडे यादीत दिलेले असतात, ही प्रामाणिकपणाची बाब आहे. भाव गणेश पेठेतल्या मासळी बाजारापेक्षा चढे आहेत, पण सफाई आणि घरपोच येणे धरले तर अवाजवी म्हणता येणार नाहीत. सांगितलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला असेल तो पावसातल्या वाहतुकीमुळे, आणि त्याबद्दल पुण्यात राहणाऱ्याने तक्रार करू नये.

खरी अडचण यादीपासून सुरू होते. जानेवारी असो की जुलै, पापलेट, सुरमई, रावस, हलवा, कोळंबी आणि बोंबील ही नावे यादीच्या माथ्यावर हजरच असतात आणि प्रत्येकापुढे ‘ताजी’ असे लिहिलेले असते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. पूर्वी ही बंदी ४७ दिवसांची होती, २०१५ पासून ती ६१ दिवसांची झाली. बंदीमागची कारणे दोन आहेत. या दिवसांत समुद्र खवळलेला असल्यामुळे खलाशांच्या जिवाला धोका असतो. आणि अनेक जातींच्या विणीचा काळ पावसाळ्याच्या आगेमागे येत असल्यामुळे निदान तेवढे दोन महिने जाळ्यांचा ताण कमी राहावा, अशी अपेक्षा असते. मग जुलैच्या मध्यावर माझ्या दारात आलेले पापलेट कुठले? ते शीतगृहातले असू शकते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असल्यामुळे ते आंध्र किंवा तमिळनाडूच्या बंदरातलेही असू शकते. कोळंबी बहुतेक वेळा तळ्यात वाढवलेली व्हेनामी जातीची असते. यांपैकी काहीही बेकायदा नाही आणि शीतगृहातला मासा वाईटच असतो असेही नाही. परंतु यादीत या साऱ्याला एकच विशेषण लावले की हंगाम नावाची गोष्ट ग्राहकाच्या नजरेतून पुसली जाते. मी विचारणा केली तेव्हा मासळी ‘वेगवेगळ्या बंदरांतून’ येते, एवढे उत्तर मिळाले.

किनाऱ्यावरच्या घरांत हा काळ वेगळ्या रीतीने काढला जात असे आणि अजूनही जातो. मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी व्हायची, तिच्यात वलांडीवर (बांबूंच्या मांडवावर) वाळवलेले बोंबील, सोडे, सुकट, वाकट्या असत. पावसाळ्यात खाडीतल्या चिंबोऱ्या, निवट्या, बोय यांवर भागायचे, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर होड्या बाहेर पडायच्या. ही व्यवस्था श्रद्धेची होती तशीच हिशेबाचीही होती. शहरातल्या ग्राहकाने हे पंचांग सोडून दिले, पण त्याची मागणी मात्र सुटली नाही. तिचा दाब १ ऑगस्टच्या पहाटेवर येऊन पडतो. बंदी उठताच शेकडो नौका एकदम बाहेर पडतात आणि त्या पहिल्या दिवसांत पापलेटची पिल्ले मोठ्या प्रमाणात जाळ्यांत सापडतात. बंदी लवकर सुरू करावी आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत लांबवावी, ही पालघर जिल्ह्यातल्या मच्छिमारांची मागणी म्हणूनच जुनी आहे. ज्यांचे पोट मासेमारीवर आहे तेच बंदी वाढवून मागतात, ही गोष्ट पुण्यात बसून ‘आज पापलेट का नाही’ असे विचारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. माझ्या मते या सेवेने जून-जुलैत यादी आखूड करून तिथे सुक्या मासळीला आणि खाडीच्या मासळीला जागा दिली, तर धंद्याचे नुकसान होणार नाही. सुके बोंबील आणि सोडे तिच्याकडे आजही आहेत, पण ते यादीच्या तळाशी, मसाल्यांच्या पाकिटांशेजारी पडलेले असतात.

आता आकाराविषयी, आणि येथे जरा सविस्तर लिहावे लागेल. या सेवेच्या यादीत पापलेटचे मोठे, मध्यम आणि लहान असे तीन वर्ग आहेत. लहान पापलेट किलोला बारा ते पंधरा नग या हिशेबाने मिळते आणि त्याचा भाव मोठ्याच्या जवळपास निम्मा असतो. सुरमईतही ‘बेबी सुरमई’ नावाचा वर्ग आहे आणि ‘अख्खी तळण्यासाठी उत्तम’ अशी त्याची शिफारस केलेली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरवून दिले. ते केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींवर आधारलेले आहेत. रुपेरी पापलेटसाठी १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८०, सुरमईसाठी ३७० आणि घोळीसाठी ७०० मिलिमीटर अशा या मर्यादा आहेत. त्यांच्यामागचा विचार अगदी साधा आहे: माशाला आयुष्यात निदान एकदा तरी अंडी घालू द्यावीत. त्याच वर्षी रुपेरी पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित झाला, आणि या मानामुळे त्याच्या पिल्लांची विक्री थांबली असेल अशी कोणाची समजूत असेल तर त्याने कोणत्याही मासळी बाजारात एक फेरी मारावी.

घरी आलेली लहान पापलेटे मी मोजपट्टी घेऊन मोजायला बसलो, तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की साफ केलेला मासा मोजताच येत नाही. पापलेटसारख्या दुभंगलेल्या शेपटीच्या माशाची लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत धरण्याची पद्धत आहे आणि सफाईत नेमकी शेपटीच छाटली जाते. सुरमईच्या तुकड्यांवरून मासा केवढा होता याचा अंदाज अनुभवी माणूस बांधू शकेल, पण तो अंदाजच. पुढच्या वेळी मासे न कापता पाठवण्यास सांगितले, आणि सेवेने ते विनातक्रार पाठवले. बहुतेक पापलेटे मर्यादेच्या थोडी वर होती, काही तिच्या थोडी खाली. बेबी सुरमई मात्र सरळसरळ आखूड निघाली. त्यातही ३७० मिलिमीटर ही कायद्याने आखलेली किमान रेषा आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या मोठ्या जातीची सुरमई वयात येते ती याच्या पुष्कळ पुढे, साधारण पाऊण मीटरच्या आसपास. ‘बेबी’ म्हणून विकला जाणारा मासा एकदाही न विता ताटात येतो, ही यातली खरी गोम आहे.

दोष सेवेचा किती आणि समुद्रावरच्या व्यवस्थेचा किती, हे मात्र नीट वेगळे करून पाहिले पाहिजे. पिल्ले कोणी मुद्दाम शोधून पकडत नाही, ती जाळ्याच्या आसामुळे, म्हणजे त्याच्या छिद्रांच्या मापामुळे, येतात. ट्रॉलरचे जाळे ओढले जात असताना त्याच्या शेवटच्या खोळीतले शंकरपाळ्याच्या आकाराचे आस ताणून मिटतात, त्यामुळे लहान माशाला निसटायला वाटच उरत नाही. खोळीला ४० मिलिमीटरचा चौरस आस लावला तर तो ताणाखालीही उघडा राहतो. उपाय ठाऊक आहे आणि स्वस्तही आहे. पण शेजारच्या नौकेने तो केला नाही तर आपला मासा तिच्या जाळ्यात जाईल, या भीतीने कोणीच आधी करायला धजत नाही. पारंपरिक मासेमारी म्हणजे निर्दोष मासेमारी असेही सरसकट म्हणता येत नाही. भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांवर रोवलेली डोल जाळी जवळा, करंदी आणि बोंबील यांसाठी असल्यामुळे त्यांचे आस बारीकच असावे लागतात, आणि त्यांत पापलेटची पिल्लेही येतात. हे प्रामाणिक डोलकर स्वतःच सांगतात. मेलेले पिल्लू पाण्यात परत टाकून काही साधत नाही, म्हणून ते बाजारात येते. मोठा ग्राहक मिळाला नाही तर ते मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्यात कवडीमोलाने जाते. म्हणजे ‘आम्ही विकले नाही तरी मासा मेलेलाच आहे’ हा विक्रेत्यांचा युक्तिवाद अगदी पोकळ नाही. तरीही तो मला मान्य नाही, आणि याचे कारण भावात आहे. भुकटीच्या भावात जाणाऱ्या पिल्लासाठी कोणी जास्त डिझेल जाळणार नाही. त्याच पिल्लाला ‘बेबी’ म्हणून सुंदर छायाचित्रासह शहरी भाव मिळू लागला की ते पकडण्यालाच धंद्याचे रूप येते.

या मुद्द्यावर मला अष्टमुडीची आठवण होते. केरळातल्या कोल्लमजवळच्या या सरोवरातल्या शिंपल्यांची मासेमारी, म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या जवळच्या जातीची, अतिरेकामुळे घसरली होती. तेथे डिसेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ बंद ठेवला गेला, जाळ्याच्या आसाला मर्यादा आली, आणि निर्यातीसाठी किलोमागे १४०० पेक्षा जास्त नग भरतील इतका बारीक माल घ्यायचा नाही असे ठरले. २०१४ मध्ये या मासेमारीला शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले आणि असे प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी ठरली. येथे आकाराची शिस्त खरेदीच्या टोकाकडून आली, याला महत्त्व आहे. गस्तीनौका समुद्रात प्रत्येक होडीमागे धावू शकत नाही. खरेदीदार मात्र दर टोपलीशी उभा असतो. शहरातली घरपोच सेवा ही नेमकी अशी खरेदीदार आहे. किलोला बारा नगांचे पापलेट आम्ही घेणार नाही, असे तिने ठरवले तर बंदरावरच्या लिलावात ते दुसऱ्या दिवशी जाणवेल. असा एखादा नियम आहे का, हे मी तिला विचारले. ‘ग्राहकांची मागणी असते’, असे उत्तर आले. ते खरेच आहे, आणि त्यातच सारे अडलेले आहे.

दुसरा प्रश्न किनाऱ्याचा आणि जाळ्याचा. काही नोंदींपुढे हर्णे, मिरकरवाडा किंवा ससून डॉक अशी बंदरांची नावे अलीकडे दिसू लागली आहेत. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, पण अपुरी आहे; मासा ससून डॉकला उतरला यावरून तो कुठे आणि कसा धरला गेला हे कळत नाही, कारण तेथे लागणाऱ्या नौका दूरदूर फिरून आलेल्या असतात. जाळ्याविषयी तर एक अक्षरही नाही. आणि आपल्या किनाऱ्यावरचा खरा तंटा जाळ्यांचाच आहे. मालवणात रापण (किनाऱ्यावरून ओढायचे जाळे) ओढणारा, गळ टाकणारा आणि पर्ससीनने बांगड्याचा अख्खा थवा वेढून उचलणारा, हे तिघे एकाच समुद्रात उतरतात, पण त्यांच्या एका फेरीने समुद्रावर पडणारा भार एकसारखा नसतो. डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालाच्या आधारे राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध घातले. तिचा हंगाम १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच ठेवला आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याचे ठरवले. रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासळी एकत्र खेचण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात गेले आणि खटले चालवण्याचा अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आला. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने पाळत ठेवणेही सुरू झाले आहे.

कागदावर, थोडक्यात, बरेच काही आहे. अडचण अशी की राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत आणि त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राची. मासा ही सीमा पाळत नाही आणि परराज्यांतून येणारे वेगवान ट्रॉलरही पाळत नाहीत. सिंधुदुर्गातल्या मच्छिमारांची याबद्दलची ओरड वर्षानुवर्षांची आहे. अशा वेळी विक्रेत्याने ‘गळाची’, ‘रापणीची’, ‘गिलनेटची’ एवढे तीन-चार शब्द जरी नोंदीपुढे लिहिले, तरी नियम पाळून मासेमारी करणाऱ्याला त्याच्या मासळीचा वेगळा भाव मिळण्याची सोय होईल. थंडीत एकदा या सेवेने ‘गळाची सुरमई’ अशी नोंद ठेवली होती. भाव नेहमीपेक्षा चढा होता आणि मासा उत्कृष्ट होता, कारण जाळ्यात तासन्‌तास गुदमरलेल्या माशापेक्षा गळाला लागून लगेच बर्फात गेलेल्या माशाचे मांस घट्ट राहते. पुढे ती नोंद दिसेनाशी झाली. चौकशी केली तेव्हा ‘आमची सर्व मासळी शाश्वत पद्धतीने पकडलेली असते’ असे छापील वाक्य मिळाले. इतके सर्वव्यापी आश्वासन देण्यापेक्षा एका माशाबद्दल एक खरी गोष्ट सांगितलेली मला अधिक आवडली असती.

मासळी घटण्याची सर्व कारणे जाळ्यात आणि ताटात नाहीत, हेही येथे नोंदवले पाहिजे, नाहीतर या सेवेवर अन्याय होईल. मुंबईच्या सांडपाण्याचा मोठा भाग आजही खाड्यांत आणि समुद्रात जातो, तारापूरसारख्या औद्योगिक पट्ट्याबद्दल तिथल्या कोळीवाड्यांच्या तक्रारी जुन्या आहेत, आणि ज्या खारफुटीच्या मुळांत अनेक जातींची पिल्ले वाढतात ती भराव आणि बांधकामांनी मागे सरते आहे. वाढवण येथे होऊ घातलेल्या बंदराला डहाणू-पालघरचे मच्छिमार विरोध करतात तो भावनेपोटी नाही. तो किनारा मासळीच्या विणीचा आणि वाढीचा आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. अरबी समुद्र तापतो आहे. तारलीसारखा मासा या बदलांना किती चटकन प्रतिसाद देतो, हे केरळने अनुभवले आहे: तेथे २०१२ मध्ये तारलीची विक्रमी, चार लाख टनांच्या जवळ जाणारी आवक झाली होती, ती २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. एवढी घसरण केवळ मासेमारीने होत नाही, आणि ती केवळ हवामानाने झाली असेही म्हणता येत नाही.

आकड्यांबाबत सावध राहणे बरे. महाराष्ट्रातली सागरी मासळीची आवक २०१८ मध्ये २.९५ लाख टन होती, ती २०१९ मध्ये २.०१ लाख टनांवर आली आणि ४५ वर्षांतला नीचांक म्हणून तिचा गाजावाजा झाला. पण त्याच वर्षी हंगामाच्या भरात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे आली आणि नौका बंदरात अडकून पडल्या. आवक कमी म्हणजे समुद्रातला साठा तेवढाच कमी, असे समीकरण मांडता येत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने देशभरातल्या १३५ साठ्यांचे २०२२ सालचे मूल्यमापन प्रसिद्ध केले, त्यात ९१ टक्के साठे सुस्थितीत असल्याचे म्हटले आहे. हे वाचून अनेकांना ‘घट’ ही अफवाच वाटेल. मला तसे वाटत नाही. टनांची बेरीज तारली, बांगडा, बोंबील यांसारख्या लवकर वाढणाऱ्या, पुष्कळ अंडी घालणाऱ्या माशांवर उभी राहते. त्यांची संख्या एका वर्षी पडते, दुसऱ्या वर्षी उसळते. घोळ, मोठी सुरमई, मोठा रावस यांची गोष्ट वेगळी आहे, कारण ते वयात यायला वेळ घेतात. रावस तर आधी नर असतो आणि वाढल्यावर त्याची मादी होते, म्हणजे मोठे रावस वेचून काढले तर माद्याच वेचल्या जातात आणि लहान काढले तर माद्या तयारच होत नाहीत. मुशीच्या (शार्कच्या) बहुतेक जाती मोजकीच पिल्ले घालतात, आणि तरीही ‘बेबी शार्क’ या सेवेच्या यादीत खुशाल बसलेला आहे. एकूण टनेज बरे दिसत असतानाही ताटातला मासा वर्षागणिक लहान होत जातो तो यामुळे.

गाबोळीचाही उल्लेख केला पाहिजे. अंड्यांच्या पिशव्या वेगळ्या काढून पाकिटात विकण्याची सोय या सेवेने केली आहे आणि ती लोकप्रिय असावी, कारण पाकिटे लगेच संपतात. गाबोळी मलाही अतिशय आवडते. माशाच्या पोटात ती निघाली तर टाकून देण्यात काही अर्थ नाही. पण तिची स्वतंत्र मागणी तयार करणे म्हणजे अंड्यांनी भरलेल्या मादीला जास्त भाव लावणे होय. घोळीच्या भोताला, म्हणजे तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, परदेशात मिळणाऱ्या भरमसाट किमतीने त्या माशाचे काय केले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना एका अवयवाला आलेला भाव अख्ख्या जातीला कसा भोवतो हे वेगळे सांगायला नको.

गणेश पेठेतल्या बाजाराशी तुलना करायची तर वास, चिखल आणि घासाघीस यांत सेवा उघडच सरस आहे. पण बाजारात मासा अख्खा दिसतो. शेपटी, कल्ले, पोट, लांबी, सगळे डोळ्यांसमोर असते, आणि विकणारी अनुभवी असेल तर ‘आज हे घेऊ नका, त्यापेक्षा ते न्या’ असे सांगणारी दोन वाक्येही मिळतात. सेवेच्या यादीत एकाच माशाचे तेच छायाचित्र वर्षभर असते. ढोमी, बोय, काणे असा हंगामाप्रमाणे बदलणारा माल तिच्याकडे फारसा येतच नाही, कारण त्याला साफ करायला वेळ जास्त लागतो आणि भाव कमी येतो. ग्राहकाने सहा नावांपलीकडे जावे असे वाटत असेल तर आधी विक्रेत्याने जायला हवे. बांगडा आणि मांदेली यांबाबत या सेवेचे काम उत्तम आहे आणि त्यांचे भावही वाजवी आहेत. मी तिच्याकडून सर्वांत समाधानाने तेच मागवतो.

गुण द्यायचे तर ताजेपणा आणि सफाई यांना पाचपैकी साडेचार, वेळेला चार, भावाला साडेतीन, आणि मासळीच्या माहितीला फार तर दीड. मोठे पापलेट हिवाळ्यात घ्यायला हरकत नाही. लहान पापलेट, बेबी सुरमई, बेबी शार्क आणि गाबोळीचे पाकीट घेऊ नये. जून-जुलैत तिच्याकडून सुके बोंबील, सोडे आणि मिळाल्या तर चिंबोऱ्या मागवाव्यात. आणखी एक, मागणी नोंदवताना सूचनांसाठी जो रकाना असतो त्यात ‘मासा कापू नये, शेपटी ठेवावी, बंदर आणि जाळे कळवावे’ असे लिहिता येते. यातल्या पहिल्या दोन सूचना पाळल्या जातात. तिसरीला अजून उत्तर आलेले नाही, पण ती लिहायला पैसे पडत नाहीत.